प्रीमियर एकदाच होतो: माहितीपट महोत्सवांचं गणित

दोन-तीन वर्षं राबून माहितीपट पूर्ण झाला की पहिली हौस असते ती यूट्यूबवर टाकून सगळ्यांना लिंक पाठवायची. लिंक सार्वजनिक झाली की बहुतेक मोठ्या माहितीपट महोत्सवांच्या स्पर्धा विभागाचं दार त्या फिल्मसाठी बंद झालंच म्हणून समजा. फिल्म चांगली की वाईट हा प्रश्न मग उरतच नाही. नियमावलीत ‘प्रीमियर’ नावाची अट असते आणि ती कुठलाही जाणकार मित्र माफ करवून देऊ शकत नाही.

प्रीमियरची उतरंड अशी. फिल्म जगात कुठेच जाहीरपणे दाखवलेली नसेल तर पहिला खेळ हा जागतिक प्रीमियर. फक्त मायदेशात दाखवली असेल तर बाहेरच्या पहिल्या देशातला खेळ आंतरराष्ट्रीय प्रीमियर. त्याखाली खंडाचा, म्हणजे युरोपीय किंवा आशियाई, आणि मग त्या-त्या देशाचा. पुण्यात तिकीट लावून किंवा जाहिरात करून एक खेळ केलात तर जागतिक प्रीमियर खर्ची पडला, पण आंतरराष्ट्रीय अजून शाबूत आहे. काही महोत्सवांचं तेवढ्यावर भागतं, काहींना जागतिकच लागतो. फिल्ममधल्या माणसांना घरी बसून दाखवलेला कच्चा कट किंवा संकलकाच्या खोलीत आठ मित्रांनी पाहिलेली प्रत यात सहसा मोजली जात नाही. वृत्तपत्रात छापून आलेला खेळ मात्र मोजला जातो.

एवढा अट्टहास कशासाठी? कारण महोत्सवात फक्त प्रेक्षक येत नाहीत. वितरक, टीव्ही वाहिन्यांचे खरेदीदार, दुसऱ्या महोत्सवांचे निवडकर्ते आणि समीक्षक येतात. आधी कुणी न पाहिलेलं काहीतरी बघायला मिळेल, या एका आशेवर ते विमानाचं तिकीट काढतात. महोत्सवाची सगळी पत त्यावर उभी असते.

म्हणून संकलन संपायच्या आतच कॅलेंडर समोर ठेवावं लागतं. जानेवारीत अमेरिकेतला सनडान्स, मार्चमध्ये कोपनहेगन, एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधलं न्यों, एप्रिल-मेमध्ये टोरांटोचा हॉट डॉक्स, जूनमध्ये शेफील्ड, ऑक्टोबरमध्ये लाइपझिग आणि नोव्हेंबरमध्ये ॲम्स्टरडॅमचा इडफा. लाइपझिगचा महोत्सव 1955 पासूनचा आहे. इडफा त्या मानाने तरुण, 1988 चा, पण आज माहितीपटांचा सगळ्यात मोठा बाजार तिथेच भरतो. प्रत्येकाचे अर्ज महोत्सवाच्या चार-सहा महिने आधी बंद होतात. सनडान्सला नकार येऊन पुढच्याला पाठवेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. त्यामुळे एका वेळी दोन-तीन मोठ्या ठिकाणी अर्ज करणं चालतं. त्यातल्या एकाने होकार दिला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवायचं. दोघांना ‘तुमच्याकडेच जागतिक प्रीमियर’ असं सांगितलेलं लपत नाही, या क्षेत्रातले लोक थोडे आहेत आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

फी, चाळणी आणि वेलपत्तीचा मोह

अर्ज ऑनलाइनच होतात. फिल्मफ्रीवेसारख्या मंचावर फिल्म, सारांश आणि छायाचित्रं एकदा चढवली की हजारो महोत्सवांना तिथूनच अर्ज करता येतो, आणि सापळाही तिथेच आहे. फी साधारण 20 ते 100 डॉलर. वीस ठिकाणी अर्ज केले की आकडा लाखाच्या घरात जातो. सगळेच फी घेतात असंही नाही. जपानमधला यामागाता घेत नाही. जे घेतात त्यांतलेही बरेच जण मागितल्यावर सूट देतात. त्यासाठी मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधी निवड विभागाला सहा ओळींचं पत्र लिहायचं: फिल्म कशावर आहे, किती मिनिटांची, कोणत्या देशातली, प्रीमियरची स्थिती काय, फी परवडत नाही, सूट मिळेल का. मुदतीच्या आदल्या रात्री लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही.

दर महिन्याला पारितोषिकं वाटणारे, शंभर विभाग असलेले आणि कुठल्याच थिएटरचं नाव न सांगणारे महोत्सवही याच यादीत असतात. तिथे फी भरली की पोस्टरवर लावायला ‘निवड झाली’ असं सांगणारं वेलपत्तीचं चिन्ह मिळतं. खरं-खोटं ओळखायची कसोटी सोपी आहे. गेल्या वर्षीचा कार्यक्रम उघडा. सभागृह कोणतं, खेळ किती वाजता, चर्चेला कोण हजर होतं, हे सापडलं नाही तर पैसे खिशातच राहू द्या. खऱ्या निवडकर्त्यापुढे अशा पंधरा वेलपत्त्या ठेवल्या तर फिल्मची किंमत वाढत नाही, उलट कमीच होते.

पहिल्या चाळणीत फिल्म बघणारे लोक एका हंगामात शेकडो फिल्म पाहतात. सुरुवातीच्या दहा मिनिटांत ते पुढे बघायचं की नाही हे ठरवतात, हे कटू असलं तरी खरं आहे. ड्रोनने टिपलेला डोंगर, त्यावर बासरी आणि मग ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ असा निवेदकाचा आवाज, ही सुरुवात त्यांनी असंख्य वेळा पाहिलेली असते. रंगसंस्कार आणि ध्वनिमिश्रण व्हायचं असेल तर चालतं. पहिल्या फ्रेमवर तसं लिहा. संकलन अपुरं असेल तर मात्र पाठवू नका. नाकारलेली फिल्म पुढच्या वर्षी ‘आता बरीच सुधारली आहे’ म्हणून पाठवली तर ती पुन्हा तितक्याच ताज्या नजरेने कुणी बघत नाही. लिंकचा पासवर्ड मध्येच बदलू नये, हेही त्यातच आलं. विमिओ या व्हिडिओ साइटवर फिल्म किती मिनिटं पाहिली गेली ते दिसतं. ते रोज तपासणं हा दिग्दर्शकांचा आवडता आत्मछळ आहे.

निवड झाल्यावरची फजिती

निवडपत्र आलं की आनंद साधारण दोन दिवस टिकतो. मग तांत्रिक विभागाची ईमेल येते: डीसीपी पाठवा. डीसीपी म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारी डिजिटल प्रत. 90 मिनिटांची फिल्म ढोबळमानाने 100 ते 170 जीबी होते. ती एकदा तरी खऱ्या थिएटरात लावून पाहावी, लॅपटॉपवर नव्हे. सेकंदाला 30 फ्रेमवर मोबाइलने केलेलं चित्रण 24 फ्रेममध्ये आणलं की चालत्या एसटीच्या खिडकीतून दिसणारी झाडं अडखळत जातात. छोट्या पडद्यावर ते जाणवत नाही, वीस फुटांच्या पडद्यावर डोळ्यांना टोचतं. आवाजाचंही तसंच. मुलाखत फक्त डाव्या-उजव्या स्पीकरवर ठेवली तर कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला बोलणं पडद्यावरच्या चेहऱ्यातून नाही, भिंतीतून येतंय असं वाटतं. थिएटरसाठी बोलणं मधल्या स्पीकरवर हवं. आणि मराठी सबटायटल डीसीपीत मजकूर म्हणून जोडली तर थिएटरच्या यंत्रावर जोडाक्षरं फुटण्याची शक्यता असते. ती चित्रातच उमटवून घेतलेली बरी.

इंग्रजी सबटायटलवर मात्र जास्त वेळ द्यावा लागतो, कारण परदेशातला प्रेक्षक फिल्म ऐकत नाही, वाचतो. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, सेकंदाला साधारण पंधरा ते सतरा अक्षरं वाचून होतात. आता शेताच्या बांधावरची एक बाई म्हणते, ‘औंदा पावसानं पार दगा दिला बगा, बी बी न्हाई निघालं.’ तीन सेकंदांचं वाक्य. म्हणजे इंग्रजीत मिळणार पंचेचाळीस-पन्नास अक्षरं. शहरातला अनुवादक दोन्ही ‘बी’ एकच समजतो, गोंधळतो आणि ‘यंदा पीक आलं नाही’ असं लिहून मोकळा होतो. पण पहिलं ‘बी’ म्हणजे बियाणं आणि दुसरं म्हणजे ‘सुद्धा’. पेरलेलं बियाणंसुद्धा परत मिळालं नाही, म्हणजे घरातून गेलं ते गेलंच. सगळा घाव त्या दोन अक्षरांत आहे. म्हणून अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा आगरी बोलणाऱ्यांची फिल्म असेल तर त्या बोलीच्या माणसाला अनुवादकाच्या शेजारी बसवावं आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे लिहावेत.

दुसरी फजिती संगीताच्या हक्कांची. विसर्जनाच्या मिरवणुकीचं सुंदर दृश्य, मागे डीजेवर सिनेमाचं गाणं. ते तुम्ही लावलेलं नव्हतं, रस्त्यावर वाजत होतं, हे खरं. तरीही वाहिनी फिल्म विकत घेताना प्रत्येक सुराचा हक्क कागदावर मागते. संग्रहातलं जुनं चित्रण किंवा गाणं ‘फक्त महोत्सवांसाठी, ठरावीक वर्षांसाठी’ असं स्वस्तात मिळतं. दोन वर्षांनी प्रसारणाची संधी आली की तोच हक्क कितीतरी पट महाग पडतो. त्यामुळे प्रसारणाचा दर आधीच लिहून घ्यायचा. मिरवणुकीचं दृश्य काढताना ढोल-ताशाचा स्वच्छ आवाज वेगळा टिपून ठेवला तर संकलनात डीजेला काढता येतं.

पैसा कुठून येतो

पारितोषिकाच्या रकमेवर माहितीपट उभे राहत नाहीत. स्पर्धेतल्या फिल्मला खेळाचं मानधन अनेक मोठे महोत्सव देत नाहीत. दिग्दर्शकाचा प्रवास आणि तीन-चार रात्रींचं हॉटेल देतात. खरा पैसा फिल्म बनण्याआधी, पिचिंगच्या टेबलावर, म्हणजे पैसे देणाऱ्यांपुढे फिल्मची कल्पना मांडताना उभा राहतो. इडफाने 1993 मध्ये फोरम सुरू केलं, ते याच कामासाठी. दिग्दर्शक आणि निर्माता यांना मांडणीसाठी सात-आठ मिनिटं, त्यातच तीनेक मिनिटांचं टीझर, आणि मग तेवढाच वेळ टेबलाभोवतीच्या वाहिन्यांच्या आणि निधींच्या प्रतिनिधींचे प्रश्न. शेफील्डची पद्धत वेगळी, तिथे समोरासमोर छोट्या भेटी ठरवल्या जातात. लाजऱ्या माणसाला ही दुसरी पद्धत मानवते.

सोबत लागतं ते असं: दोन ओळींत फिल्म, एक पानी सारांश, कशी दिसेल-ऐकू येईल याचं टिपण, दिग्दर्शकाचं निवेदन, अंदाजपत्रक, आणि त्यातले किती पैसे कुठून जमले याचा तक्ता. पण टेबलावर जे जोखलं जातं ते यांपैकी काहीच नाही. ही माणसं तुम्हाला आपल्या घरात किती खोलवर येऊ देतात, एवढंच ते बघतात. टीझरमध्ये पाच तज्ज्ञांच्या मुलाखती असतील तर उत्तर नकारार्थी. एकच माणूस कॅमेरा विसरून भाकरी थापता थापता भांडतोय, एवढं दिसलं तरी चर्चा पुढे सरकते.

उत्तरांची भाषा ओळखायला शिकावं लागतं. ‘फार रंजक विषय आहे’ म्हणजे नाही. ‘रफ कट झाला की पाठवा’ म्हणजे कदाचित. ‘आमच्याकडे 52 मिनिटांची जागा आहे’ हे खरं बोलणं. टीव्हीच्या तासात जाहिराती आणि बातम्या वजा जाता तेवढंच उरतं. म्हणूनच एका फिल्मच्या 80-90 मिनिटांची आणि 52 मिनिटांची अशा दोन प्रती होतात, आणि दुसऱ्या संकलनाचा खर्च अंदाजपत्रकात धरायचा राहून जातो. भेटीनंतर दोन आठवड्यांत टीझरसह आठवणपत्र गेलं नाही तर समोरचा तुम्हाला विसरतो, त्याने त्या तीन दिवसांत चाळीस माणसं पाहिलेली असतात. विक्री प्रतिनिधी मिळाला तर तो मिळकतीच्या 25 ते 30 टक्के घेतो आणि त्याआधी प्रसिद्धीचा खर्च वळता करून घेतो. त्या खर्चाला करारात वरची मर्यादा नसेल तर दिग्दर्शकाच्या हातात हिशेबाचा कागद येतो, चेक येत नाही.

आशियातल्या लोकांसाठी कोलकात्याचं डॉकएज 2004 पासून हे शिकवतं आणि तिथेच पिचिंगही घडवतं. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर 2007 पासून फिल्म बझार (2025 पासून ‘वेव्हज फिल्म बझार’) भरतो, आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात, म्हणजे मिफमध्ये, 2024 साली पहिल्यांदा माहितीपटांचा बझार भरला. इडफाचा बर्था निधी तर आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका यांसारख्या भागांतल्या दिग्दर्शकांसाठीच आहे.

या व्यवस्थेची एक खोट स्पष्ट सांगायला हवी. पैसा युरोप-अमेरिकेतून येतो तेव्हा कथाही तिकडच्या डोळ्यांसाठी घडवली जाते. एकच जिद्दी नायक किंवा नायिका, एकच मोठं संकट, शेवटी थोडी आशा. वारी काय असते हे समजावण्यात पहिली दहा मिनिटं जातात आणि मराठी प्रेक्षक जांभया देतो. आपल्याकडच्या वाहिन्या माहितीपटाला पैसे आणि वेळ देत नाहीत तोवर हे बदलणं अवघड आहे. तरीही अपवाद होतात. मुंबईच्या दोन कोळी मित्रांवरचा ‘अगेन्स्ट द टाइड’ 2023 मध्ये सनडान्सला ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळवून आला, आणि त्यात समुद्र कुणी समजावून सांगत नाही. कोळी आपापसात बोलतात.

मुंबई, 2004

फिल्म्स डिव्हिजनने 1990 मध्ये मुंबईत मिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला, दर दोन वर्षांनी. त्याचा सुवर्णशंख हे देशातलं माहितीपटाचं मानाचं पारितोषिक. फिल्म्स डिव्हिजन ही 1948 ची सरकारी संस्था. 2022 मध्ये ती एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली आणि महोत्सव आता तिकडून होतो.

2004 च्या महोत्सवासाठी भारतीय फिल्मना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं केलं गेलं, परदेशी फिल्मना नाही. देशभरातले दिग्दर्शक एकत्र आले, अट मागे घ्यायला लावली. पण निवड यादी आली तेव्हा सत्तेला टोचणाऱ्या अनेक फिल्म त्यात नव्हत्या. मग त्यांनी प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात स्वतःचा महोत्सव भरवला आणि त्याचं नाव ठेवलं विकल्प. तो तेवढ्यावर थांबला नाही. पुढे जुहूला पृथ्वी थिएटरमध्ये दर महिन्याला माहितीपट दाखवण्याचा कार्यक्रम त्याच नावाने चालला. मोठ्या महोत्सवाने नाकारलेल्या फिल्ममधून कायमचा प्रेक्षक तयार झाला, हे आजही अनेक आयोजकांना उमगलेलं नाही.

कायदेशीर बाजू थोडक्यात: सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम 9 नुसार केंद्र सरकार फिल्मला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट देऊ शकतं. महोत्सव माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे फिल्मची यादी आणि सारांश पाठवून ही सूट घेतो. ती त्या महोत्सवापुरतीच असते. चित्रपटगृहात लावायची तर प्रमाणपत्र घ्यावंच लागतं.

ज्यांची गोष्ट आहे त्यांच्याकडे

यामागाता हे उत्तर जपानमधलं छोटं शहर. शहराच्या शंभरीनिमित्त 1989 मध्ये तिथे माहितीपट महोत्सव सुरू झाला, त्यामागे दिग्दर्शक ओगावा शिन्सुके होता. तो आपल्या चमूसह जवळच्या मागिनो गावात वर्षानुवर्षं राहिला, भात पिकवला आणि त्याच शेतकऱ्यांचं चित्रण केलं. महोत्सव दर विषम वर्षी भरतो. लोणच्यांच्या एका जुन्या दुकानात रात्री उशिरापर्यंत दिग्दर्शक, विद्यार्थी आणि शहरातले लोक मांडीला मांडी लावून बसत आणि दिवसभरात पाहिलेल्या फिल्मवर भांडत. ते दुकान 2020 मध्ये बंद झालं. दक्षिण आशियात काठमांडूच्या फिल्म साउथएशियाने 1997 पासून दुसरी वाट धरली: महोत्सव संपला की निवडक फिल्मचा संच गावोगाव फिरवायचा.

फिल्ममधल्या माणसांशी वागायचं काम मात्र प्रीमियरच्या कितीतरी आधी सुरू होतं. संमतीचा कागद मराठीत हवा आणि त्यावरची सही म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. संकलन पक्कं करण्याआधी लॅपटॉप घेऊन घरी जावं, ज्यांचं सगळ्यात जास्त पणाला लागलंय त्यांना आधी, एकेकट्याने दाखवावं. सगळ्यांना एकत्र दाखवलं तर सून सासूसमोर काही बोलणार नाही. बहुतेकदा काढायला सांगतात ते छोटंसं असतं: भावकीच्या जमिनीवरचं एक वाक्य, दारू प्यायलेल्या भावाचा एक शॉट. ते काढल्याने फिल्म मरत नाही. ॲम्स्टरडॅममध्ये दाखवलेलं गावात कळणार नाही, हा भ्रमही सोडावा. खेळ संपायच्या आत क्लिप व्हॉट्सॲपवर पोचते. लैंगिक अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलांची ओळख उघड करायला पोक्सो कायद्याच्या कलम 23 ने बंदी आहे, आईवडील ‘दाखवा’ म्हणाले तरी ती उठत नाही.

महोत्सवाला सोबत नेणार असाल तर पासपोर्ट चार महिने आधी काढायला घ्या, आठवड्याची बुडणारी मजुरी मोजून द्या आणि त्यांच्या बोलीचा दुभाषी मागा. दिग्दर्शकाने स्वतःच दुभाषी होऊ नये. त्याच्या तोंडून सगळ्यांचं उत्तर सारखंच शहाणं निघतं.

मग गावातला खेळ. पेरणी, सुगी आणि सप्ताहाचे दिवस टाळा. वेळ रात्री साडेआठनंतरची, नाहीतर बायका चुलीपाशी असतात आणि पुढच्या रांगेत फक्त पुरुष दिसतात. बारा बाय सात फुटांचा पडदा असेल तर प्रोजेक्टर 4000 ल्युमेनच्या आसपासचा लागतो. शाळेतला जुना प्रोजेक्टर अंधारातही फिकट दिसतो. जनरेटर शंभर फूट लांब, इमारतीच्या आडोशाला. मंडपवाल्याच्या मिक्सरवर भजनासाठीचा ‘इको’ कायम चालू असतो, तो आधी बंद करायला लावा, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. सरपंचांचं भाषण आणि नारळ खेळाआधीच उरकून घ्या. फिल्म संपल्यावर माइक कुणाच्याही हातात लगेच देऊ नका. दहा मिनिटं लोक आपापसात बोलतात, हसतात, कुणाचा आजोबा कसा दिसला ते सांगतात, आणि गावाचं खरं मत तिथेच, माइकशिवाय पडतं.

निघताना सबटायटल नसलेली प्रत पेनड्राइव्हवर फिल्ममधल्या प्रत्येक घरात द्यायची. एकच प्रत सरपंचांकडे ठेवली तर ती त्यांच्या कपाटातून बाहेर येत नाही.